गडग्यापलीकडचं खुराडं

आमच्याकडे कोंबड्यांच्या साथीला मर म्हणतात. "मर आलीय" एवढं कुणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. अडचण अशी, की हे दोन शब्द कुणी वेळेवर म्हणत नाही.

2019 च्या शिमग्याआधी आमच्या घरी मर आली. पहिल्या दिवशी एक तलंग पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी खळ्यात हिरवट-पांढरी पातळ घाण दिसू लागली, चोच उघडी टाकून श्वास घेणं सुरू झालं. मग माना पिळवटल्या. राणीखेत. नाव उत्तराखंडातल्या गावाचं, पण आपल्या लोकांनी त्याला मानमोडी हे जास्त खरं नाव दिलं आहे. 1918 साली माणसांत इन्फ्लुएंझाची साथ आली, तिलाही लोक मानमोडीच म्हणायचे. सोळापैकी चौदा कोंबड्या आठवड्याच्या आत गेल्या. उरलेले दोन कोंबडे मात्र आमच्या घरी मेले नाहीत, कारण ते आईने पहिल्याच दिवशी विकले होते.

वरच्या वाडीतली काकी शिमग्यासाठी कोंबडा बघायला आली होती. घरात पालखी येणार, मुंबईची मंडळी येणार. आईने दोन्ही कोंबडे दाखवले. दिसायला झकास, तुरे लालभडक. दोघांचे हजार रुपये ठरले. ती आजारी तलंग तेव्हा मागच्या दारी डालग्याखाली झाकलेली होती. हे आईला माहीत होतं आणि मलाही. मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो. काकीने जाताना विचारलं, "बरा आहेस ना रे?" मी म्हणालो, "बरा."

काकी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी आईला म्हटलं, "सांगायला हवं होतं." आई म्हणाली, "तुला काय, महिन्याचा पगार येतो. माझ्या हातात दुसरा पैसा कुठचा?" यावर मला उत्तर नव्हतं. आंबा-काजूचा पैसा पुरुषांच्या हाती जातो. कोंबडी आणि अंडी हाच गावच्या बाईचा स्वतःचा पैसा. बर्ड फ्लूत सरकारने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई तरी मिळते. राणीखेतने घरात मेलेल्या कोंबडीची कोण देतं? रोगाला औषधही नाही. लस आधीच द्यावी लागते. तेव्हा मर यायच्या आत विकून मोकळं व्हायचं, ही रीत. आईच्या सासूनेही तेच केलं होतं.

खुराडं मी धुतलं. मेलेल्या कोंबड्या विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. धुवायची पद्धत पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाने फोनवर सांगितली. मी आधी ब्लिचिंग पावडरचं पाणी कालवून बसलो होतो. तो म्हणाला, "थांबा. घाणीवर ब्लिचिंग ओतलंत तर ते घाणीतच संपेल, जंतूंपर्यंत पोचणारच नाही. आधी खरवडा." मग तसंच केलं. पेंढा, पिसं, विष्ठा गोळा करून जाळली. सारवलेली जमीन काही केल्या धुता येत नाही, म्हणून वरची चार बोटं माती काढून तीही पुरली. बसायचे बांबू आणि डालगं जाळलं, कारण वीणीत अडकलेलं निघत नाही. जांभ्याच्या चिऱ्याला भोकंच भोकं. धुण्याचा सोडा कढत पाण्यात टाकून नारळाच्या चोडाने दोन दिवस घासलं. ते वाळल्यावर ब्लिचिंग, ते वाळल्यावर चुना. पाण्याच्या करवंट्या फेकल्या, चपला धुतल्या. छपराची कौलं काढून फाल्गुनातलं ऊन आत घेतलं. महिनाभर रिकामं ठेवायचं ठरलं. एवढं स्वच्छ आमचं स्वयंपाकघरही कधी नव्हतं.

मी समाधानाने चुना वाळताना बघत होतो. एवढ्यात आठ दिवसांनी काकी आली.

"अरे, तू म्हणे खुराडं धुतलंस. मला पण सांग कसं ते. माझ्या सगळ्या चालल्यात." एक कोंबडा पाहुण्यांसाठी कापला होता. दुसरा तिने राखणीसाठी ठेवला होता, तो पहिला गेला. त्याच्यामागून तिच्या स्वतःच्या कोंबड्या. ती म्हणाली, "माझंच चुकलं. गेल्या साली राखण राहिली. देव तरी किती दिवस गप्प बसेल?"

मर आमच्या डालग्यातून गेली होती आणि ती तिचा दोष देवासमोर स्वतःच्या अंगावर घेत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे खरवडायला गेलो. हात चालत होते आणि डोक्यात हिशोब. मी खोटं कुठे बोललो? तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. व्यवहार आईचा. मर कदाचित वाऱ्यावर आली असेल, कावळ्याने आणली असेल, कुणाच्या चपलेला लागून आली असेल. यातलं काहीही खरं असू शकत होतं. पण मला सोयीचं होतं म्हणूनच ते मला खरं वाटत होतं, हे मला घासता घासताच कळत होतं. सांगून तरी काय होणार? तिच्या कोंबड्या परत येणार नव्हत्या, आणि आईचं नाव मात्र वाडीत जाणार होतं. गप्प बसणं हे कधीकधी दयेचं असतं, असंही मनात आलं. पण त्या दयेचा फायदा मलाच होणार होता.

मी म्हणालो, "काकी, राखणीचं काही नाही. कोंबडे दिले तेव्हा आमच्याकडे एक आजारी होती. मला माहीत होतं."

ती काही बोलली नाही. ब्रश हातातच राहिला. मग तिने बादली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तो कोपरा राहिलाय बघ." संध्याकाळी मी हजार रुपये पुढे केले. तिने पाचशे घेतले. "एक आम्ही खाल्ला," म्हणाली. निघताना तेवढंच, "पुढल्या वेळी पहिलं सांगा."

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. तिचा राग मला अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही. मी खरं बोललो ते तिच्या नावावर, आणि परत केलेले पैसेही तिच्या कमाईचे. दुसऱ्याच्या खिशातून प्रामाणिक होणं सोपं असतं. ते पाचशे मी नंतर तिच्या डब्यात ठेवले. तिने ठेवून घेतले, विषय काढला नाही.

त्या महिन्यात एक गोष्ट मात्र समजली. मी माझं खुराडं कितीही घासलं तरी कोंबडीला गडगा कळत नाही. ती इथे दाणे टिपते, पलीकडे घाण करते. लसही एका घरापुरती येत नाही. कुपी शंभराच्या वर मात्रांची, थंड ठेवायची, आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवायची. पंधरा कोंबड्यांचं घर ती एकट्याने कशाला आणेल? आता वाडी वर्गणी काढून कुपी आणते. एक जण बर्फाचा थर्मास घेऊन पुढे, बाकीचे मागून कोंबड्या धरायला.

जानेवारी 2021 मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडल्याची बातमी आली. परभणीतल्या मुरुंब्याच्या कोंबड्यांचं ऐकलं होतं. 2006 साली नवापुरात लाखो पक्षी मारले गेले, तेही लोकांना आठवत होतं. कुणाच्या घरी कोंबडी मेली तर तो गप्प राहील, अशी मला खात्री होती. आता तर सगळ्यांच्याच कोंबड्या जायची भीती.

एका सकाळी वरच्या वाडीतून काकीची हाक आली. खालपर्यंत ऐकू येईल अशी. "माझ्याकडे एक मेलीय रे! आपापल्या कोंडून ठेवा!"

दवाखान्यात फोन झाला. माणूस येऊन बघून गेला. कोंबडी मुंगसाने धरलेली निघाली, मानेखाली दाताच्या खुणा होत्या. काकीला कुणी हसलं नाही. आईने मात्र त्या दिवशी तिच्याकडे सहा अंडी पाठवली, आणि नेऊन द्यायला मलाच सांगितलं.