जिंकलेली जमीन कोणाची?

इस्लामच्या प्रारंभकाळातील विजयांचा विषय निघाला की आपल्याला यरमूक आणि कादसियाच्या लढाया आठवतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर अवघ्या दहा वर्षांत शाम, इराक आणि मिस्र हे प्रदेश मदीनेच्या शासनाखाली आले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. परंतु माणसाची खरी परीक्षा विजयानंतर सुरू होते. ती परीक्षा आपल्या पूर्वसूरींनी कशी दिली, हे एका प्रसंगातून पाहू या.

कादसियाच्या लढाईनंतर हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या सैन्याने मदाइन ही इराणी साम्राज्याची राजधानी घेतली. दजला आणि फुरात या नद्यांमधील सवादचा प्रदेश मुस्लिमांच्या हाती आला. कालव्यांचे जाळे, गहू व जवाची शेते आणि खजुरीच्या बागा असलेली ही अत्यंत सुपीक भूमी होती. ती आपल्यात वाटून मिळावी, अशी सैनिकांची मागणी होती.

या मागणीला निव्वळ लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल. युद्धात मिळालेल्या संपत्तीचा पाचवा हिस्सा अल्लाह व त्याच्या प्रेषितांसाठी, आप्त, अनाथ, गरीब व वाटसरूंसाठी, असा आदेश सूरह अल्-अनफालमध्ये आहे; उरलेले चार हिस्से लढणाऱ्यांचे, असा त्याचा अर्थ घेतला जात होता. खैबरच्या जमिनीची वाटणी स्वतः प्रेषितांनी (स.) केली होती. शिवाय मागणी करणारे कोण होते? मक्केच्या तप्त वाळूवर ईमानासाठी यातना सोसलेले हजरत बिलाल (रजि.), हजरत जुबैर (रजि.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.). आधार धर्माचा आणि बोलणारे असे थोर, मग नकार द्यायचा कसा?

खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे मात्र वेगळेच प्रश्न होते. आज सारी जमीन वाटली आणि ती वारसाहक्काने मोजक्या घराण्यांत राहिली, तर नंतर येणाऱ्यांना काय उरेल? सरहद्दींचे रक्षण कशाच्या बळावर होईल? विधवा आणि अनाथ मुलांचा निर्वाह कसा चालेल? हजरत बिलाल (रजि.) यांचा आग्रह इतका तीव्र होता की, त्यातून सुटका व्हावी म्हणून खलीफांनी अल्लाहकडे दुआ केली, असे सांगितले जाते. तरी त्यांनी कोणाचे तोंड बंद केले नाही. हजरत अली (रजि.) यांच्यासारखे सहकारी त्यांच्या मताचे होते. त्यांनी अन्सारांपैकी दहा जाणत्या व्यक्तींना बोलावले, पाच औस कबिल्याचे व पाच खजरजचे. मीही तुमच्यातलाच एक आहे, ज्याला पटेल त्याने सहमत व्हावे, ज्याला पटणार नाही त्याने विरोध करावा, असे त्यांनी सांगितले. चर्चा काही दिवस चालली.

अखेरीस त्यांना सूरह अल्-हश्रमध्ये आधार सापडला. तेथे संपत्ती केवळ धनिकांमध्येच फिरत राहू नये, असे सांगून हक्कदारांचा उल्लेख येतो. प्रथम मुहाजिर, मग अन्सार आणि त्यांच्यानंतर येणारे लोक. जे अद्याप जन्मलेलेच नाहीत, त्यांचाही वाटा अल्लाहने मान्य केला आहे, हे उमर (रजि.) यांनी ओळखले.

जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिच्यावर खिराज बसवला गेला. हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांनी मोजणी केली, ती 3 कोटी 60 लाख जरीब भरली, अशी नोंद आहे. हे उत्पन्न बैतुलमालमध्ये जमा होऊ लागले.

मात्र हा निर्णय घेताना कसणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कर हा अखेर कर असतो आणि जेता कितीही न्यायी असला तरी तो जेताच असतो. याची बोचणी उमर (रजि.) यांनाही असावी. शहादतीच्या काही दिवस आधी, हिजरी 23 मध्ये (इ.स. 644), त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना खोदून विचारले की, जमिनीला पेलवणार नाही एवढा भार तर तुम्ही टाकला नाही ना? आपण जगलो तर इराकच्या विधवांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही अशी व्यवस्था करू, असेही ते म्हणाले. त्यानंतर चारच दिवसांत त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला.

या वादात दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. लढणाऱ्यांचा हक्क डोळ्यांना दिसत होता, कारण ते समोर उभे होते. पुढच्या पिढ्यांचा हक्क दिसत नव्हता, कारण त्यांना वाचा नव्हती. समोर नसलेल्याची बाजू मांडणे, हीच न्यायाची अवघड कसोटी आहे. ती उमर (रजि.) यांनी आधी स्वतःला लावली होती. खैबरमध्ये वाट्याला आलेली आपली उत्तम जमीन त्यांनी प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने वक्फ केली: ती विकायची नाही, वारसांना द्यायची नाही, तिचे उत्पन्न गरजूंचे.

वाचकहो, आपल्या गावातील मशिदीची जागा, कब्रस्तान, एखादी जुनी विहीर यांकडे जरा पाहा. कोणीतरी आपला हक्क आपल्यापुरता न ठेवता आपल्यासाठी सोडून गेला. आपणही घर, शेत, पाणी, पैसा ‘माझ्या कष्टाचे’ म्हणतो आणि ते खोटे नसते. तरीही त्यात आपल्या नंतर येणाऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला आहे काय?

अल्लाह आपणा सर्वांना अमानत ओळखण्याची आणि ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.