नोकरीतला स्वधर्म

॥ श्री गणेशाय नमः ॥



मायभूमीपासून आपण दूर असलो तरी देव आपल्याला दुरावलेला नाही. जुन्या मस्कतमध्ये मोतीश्वराचे मंदिर आहे, दारसैतला श्रीकृष्णाचे मंदिर आहे, आणि भाद्रपदात गणराय आपल्या घरी येतात. या देशाने आपल्याला पूजेची मोकळीक दिली, त्याबद्दल कृतज्ञ राहावे तेवढे थोडेच. अडचण येते ती आरती आटोपून आपण ऑफिसात किंवा साइटवर जातो तेव्हा. देवघरात जपलेली मूल्ये तिथेही बरोबर नेता येतात का? या प्रश्नाचे थोडे चिंतन करू या.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की माणसाने आपल्या वाट्याच्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी. ज्ञानेश्वर माउलींनी तर या कर्मांना फुलांची उपमा दिली. आता देवाला वाहायचे फूल आपण निवडून घेतो, किडलेले बाजूला काढतो. मग दिवसभराचे काम वाहताना तोच नियम नको का?

याचे उत्तर मला रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्रात सापडते. पुण्याच्या दरबारचे हे मुख्य न्यायाधीश. त्यांच्याविषयीच्या पुढील हकिगती ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवल्या आहेत.

थोरले माधवराव पेशवे मोठे भाविक. एके काळी त्यांचा बराच वेळ जपात जाऊ लागला. शास्त्रीबुवा कामासाठी गेले, तर पेशवे ध्यानस्थ! ते मुकाट्याने परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी कारण विचारले, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितले : आपण राज्य करण्याचे पत्करले आहे, तेव्हा प्रजेचे कल्याण हाच आपला धर्म. जपच करायचा असेल तर गादी सोडावी, आपण दोघेही गंगातीरी जाऊ. माधवरावांनी बोध घेतला आणि तो क्रम सोडला. त्यांची गणेशभक्ती मात्र उणावली नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला तो थेऊरला, चिंतामणीच्या चरणी.

पुढच्याच वर्षी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आज्ञापत्रात ‘धरावे’ होते त्याचे ‘मारावे’ केले, असे म्हणतात. ‘ध’चा ‘मा’ हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या बोलण्यात आला. एका अक्षराने एक जीव गेला! रघुनाथराव गादीवर बसले. त्यांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा रामशास्त्री त्यांच्या तोंडावर म्हणाले की या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, आणि आपले राज्य आहे तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही. एवढे बोलून ते पद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे कारभाऱ्यांनी त्यांना सन्मानाने परत बोलावले.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि म्हणतो, ‘तसली माणसेच वेगळी.’ पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. रामशास्त्री आपल्या घरात त्या दिवसापुरते लागेल तेवढेच धान्य ठेवत. ज्याच्या गरजा थोड्या, त्याच्यावर दडपण कशाचे आणणार? १७७३ साली त्यांनी जे धैर्य दाखवले, ते अनेक वर्षांच्या साध्या राहणीने कमावलेले होते.

काही वर्षांपूर्वी एका घरगुती सत्संगानंतर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो बांधकामावर सुपरवायझर होता. जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे, असा इथला कायदा आहे. त्याच्या साइटवर त्या वेळेतही मजुरांना राबवत आणि हजेरीपटावर ‘विश्रांती’ लिहायला त्याला सांगत. तो म्हणाला, “काका, गावी घराचे कर्ज आहे. नोकरी सोडू की सही करू?”

मी म्हटले, “अरे, या दोहोंच्या मध्येही एक वाट आहे. जे घडले तेच लिही. साहेबांना नम्रपणे सांग, की बाकी कोणतेही काम सांगा, हे मात्र माझ्या हातून लिहिले जाणार नाही.”

त्याने तसेच केले. हजेरीपट त्याच्याकडून काढून घेतला गेला, त्या वर्षीची पगारवाढही गेली. सत्याला किंमत पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय इथे दुसरी नोकरी धरणे अवघड होते. करार पूर्ण केलेल्यांसाठी ती अट १ जानेवारी २०२१ पासून उठली. मधल्या काळात त्याने नवी गाडी घेतली नाही, क्रेडिट कार्ड बंद केले, कर्जाचे हप्ते आधी फेडले. करार संपल्यावर त्याने नोकरी बदलली. ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याने असे थोडे थोडे साठवले.

आपण परदेशी आलो ते संसारासाठी, त्यात गैर काहीच नाही. पण फ्लॅटवर फ्लॅट, हप्त्यावर हप्ता असे होत गेले की सही मागणाऱ्याला नकार देणे कठीण होते. म्हणून वर्षातून एकदा नवराबायकोने बसून विचार करावा : उद्या मनाविरुद्ध काही करायची वेळ आली, तर आपण किती महिने तग धरू शकू? हा हिशेबही साधनाच आहे. तो मुलांसमोर करावा, म्हणजे मूल्ये कशी सांभाळायची हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

गणराय विद्येचे दैवत, तसेच लेखणीचेही. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गजाननाने ते लिहून घेतले, पण अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही, ही अट पाळून. आपली लेखणीही तशीच चालो. जे समजले, जे खरे आहे, त्याखालीच आपली सही उमटो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥