धूर कोठे गेला?

गेल्या चातुर्मासात दिलसुखनगरातील आमच्या लहानशा देवळाच्या कार्यकारी मंडळापुढे एक दान आले, आणि त्या दानाबरोबर एक शब्दही आला. दानाविषयी कोणाचे दुमत नव्हते. शब्दापायी मात्र दोन बैठका खर्ची पडल्या. मेट्रोच्या स्थानकापासून देवळापर्यंतचे अंतर फार नाही. परंतु शिकवणीवर्गांची गर्दी, फेरीवाले आणि रिक्षा यांतून वाट काढीत येणे आमच्या वृद्ध मंडळींना जड जाते. त्यांच्यासाठी एका सद्गृहस्थांनी सहा आसनांची बॅटरीवरची गाडी देऊ केली. गाडीच्या दोन्ही अंगांस ‘प्रदूषणमुक्त सेवा’ ही अक्षरे रंगवावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही पडलो वकील. जे सिद्ध करता येणार नाही ते लेखी देऊ नये, ही सवय हाडीमासी खिळलेली. आम्ही त्या शब्दास हरकत घेतली आणि दाते दुखावले. “गाडीला धुराडेच नाही, मग प्रदूषण कोठून आणता?” असे त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र देवळाच्या आवारात सापडण्यासारखे नव्हते.

हैदराबादच्या जुन्या रहिवाशांस हुसेनसागराच्या काठचे वीजकेंद्र आठवत असेल. निजामाच्या राजवटीत, 1920 साली ते उभे राहिले. कोळशावर चालणारे हे केंद्र 1983 साली बंद झाले, 1995 साली ते उतरविले गेले आणि तलावाकाठची हवा तेवढी निवळली. पण शहराची विजेची भूक काही निवळली नव्हती. 1983 च्याच सुमारास रामगुंडमचे औष्णिक केंद्र सुरू झाले. पुढे त्याची क्षमता 2600 मेगावॉटपर्यंत गेली. कोळसा सिंगरेणीचा, पाणी गोदावरीचे. दिवे आमच्या शहरात लागत राहिले. धुराने मात्र आपला मुक्काम हलविला. त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड करीत येणारी जी गोदा, तिच्या खोऱ्यात तो जाऊन राहिला. पर्वकाळी आपण स्नानाला जातो ती हीच नदी.

काही वर्षांपूर्वी जमिनीच्या मोबदल्याच्या एका दाव्यानिमित्त आम्हांस एका औष्णिक केंद्राजवळच्या खेड्यात जावे लागले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे खेडे कोठेही आढळेल. अशिलाच्या घरची बाई पूजेपूर्वी तुळशीची पाने एकेक करून ओल्या फडक्याने पुसत होती. “राख बसते, न पुसता देवाला कशी वाहू?” असे ती सहज म्हणाली. त्या घरी मोटार नव्हती, पुढे येईल अशीही चिन्हे नव्हती. दात्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या फडक्यावर दिसले होते.

आपल्या घराण्यांतून कडक सोवळे पाळले जाई, तेव्हा ते पाळता यावे म्हणून ओवळे काम दुसरे कोणी तरी करीत असे. स्वच्छ राहणाऱ्याच्या पदरी पुण्य आणि घाण उपसणाऱ्याच्या वाट्यास कमीपणा, असा तो हिशेब होता. आज त्या हिशेबाची आपणांस लाज वाटते, आणि वाटावी हेच योग्य. मग शहरातील गाडीने सोवळे राहावे आणि तिची राख खेड्यातील तुळशीवर पडावी, या व्यवस्थेला आपण पुण्यकर्म कसे म्हणावे?

येथे कोणी असा समज करून घेईल की, आम्ही विजेच्या गाडीचे विरोधक आहोत. तसे नाही. पेट्रोलचे यंत्र इंधनातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचविते, बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटार तिला मिळालेल्या शक्तीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कामी लावते. शिवाय पेट्रोलची गाडी मोडीत निघेपर्यंत पेट्रोलच पिणार. विजेची गाडी मात्र, वीज जसजशी शुद्ध होईल, तसतशी आपोआप शुद्ध होत जाते. 2024 साली भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशातूनच निघाली, हे खरे. परंतु त्याच रामगुंडमच्या जलाशयावर 2022 साली 100 मेगावॉटचे तरंगते सौर केंद्र सुरू झाले, हेही खरे आहे. दिशा बरोबर आहे. पण दिशा बरोबर असणे निराळे आणि मुक्कामास पोहोचणे निराळे.

या व्यवसायातील कंपन्या नेमका हाच भेद पुसून टाकतात. 2003 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या टेस्ला कंपनीने जुलै 2025 मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आपले दालन उघडले. जगाला शाश्वत ऊर्जेकडे लवकर नेणे हे आपले ध्येय, असे ती अनेक वर्षे सांगत होती. ध्येयाला आमचा आक्षेप नाही. परंतु सुमारे साठ लाखांची गाडी घेणाऱ्यास गाडीसोबत निर्दोषत्वाचा दाखलाही मिळाल्यासारखे वाटते, आणि तसा दाखला देण्याचा अधिकार कोणत्याही कारखान्यास नाही. बॅटरीतील लिथियम आणि कोबाल्ट कोठल्या तरी भूमीतून उकरलेले असते. काँगोतील कोबाल्टच्या खाणींत मुले राबतात, हे आता जगजाहीर आहे.

सूर्याची वीज तरी निर्दोष म्हणावी, तर तेथेही दावा उभा राहिला. राजस्थान आणि गुजरात येथील सौर व पवन केंद्रांच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. पुढे 21 मार्च 2024 रोजी, रणजितसिंह यांच्या त्याच प्रकरणात, न्यायालयाने हा सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या 14 व 21 या अनुच्छेदांतून निघणारा हक्क आहे, असेही सांगितले. माळढोकही वाचावा आणि सूर्याची वीजही यावी, अशी ती तारेवरची कसरत आहे. दोन्ही पक्षांकडे धर्म आहे, आणि कोणताच पक्ष निष्पाप नाही.

मग गृहस्थाने करावे काय? आमच्या मते या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी करून ठेविला आहे. प्रत्येक घरात पाच ‘सूना’ असतात, म्हणजे नकळत जीवहिंसा घडण्याच्या पाच जागा: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. चूल विझवा, असे शास्त्र म्हणत नाही. तसे केले तर घर चालणार नाही. चूल निर्दोष आहे, असेही ते म्हणत नाही. घडणाऱ्या हिंसेचे ऋण मान्य करून पंचमहायज्ञांच्या रूपाने ते रोज फेडीत जावे, एवढेच ते सांगते. विजेची गाडी ही आमच्या काळातील सहावी सूना होय. ती पहिल्यापेक्षा कमी हिंसक म्हणून अवश्य घ्यावी. परंतु ती घेतल्याने ऋण फिटले असे मानू नये.

दुसऱ्या बैठकीत आम्ही हे सर्व पुष्कळ विस्ताराने मांडीत होतो. तिरुमलाच्या घाटात 2022 पासून विजेच्या बसगाड्या धावतात आणि त्या बांधणारी ओलेक्ट्रा कंपनी हैदराबादचीच आहे, हे दात्यांनी सांगितले. शिर्डीच्या संस्थानाने 2009 सालीच सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून प्रसादाचे अन्न शिजविण्याची योजना उभारली, हे आम्ही सांगितले. कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध माई, ज्यांचे गुडघे गेली चार वर्षे दुखत आहेत, अखेर म्हणाल्या, “अक्षरां मागीर बरयात; गाडी केन्ना येतली तें सांगात.” सभा हसली. आम्ही खजील झालो, कारण ज्यांच्यासाठी दान आले त्यांनाच आम्ही युक्तिवादात ताटकळत ठेविले होते.

त्यानंतर निर्णयास वेळ लागला नाही. कळसाच्या सोन्याच्या पत्र्यासाठी राखलेल्या निधीतील काही भाग सभामंडपाच्या छपरावरील सौर पॅनेलांसाठी वळवावा, गाडी दुपारी उन्हाच्या वेळी तेथील विजेवर चार्ज करावी, आणि बॅटरी निकामी झाल्यावर 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत केंद्राकडेच सोपवावी, असे ठरले. दानपत्राचा मसुदा आम्हीच केला. सोन्याचा पत्रा लांबला म्हणून दोन जुने सभासद आमच्यावर अद्याप रुष्ट आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही खोटे म्हणणार नाही.

कार्तिकात गाडी आली. तिच्यावर ‘वृद्धांसाठी’ एवढेच लिहिले आहे. तो शब्द दात्यांनीच सुचविला, आणि त्यास हरकत घेण्यासारखे आम्हांस काही सापडले नाही.