मोडला तर?

लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं, असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडचे शेतकरी म्हणत. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगर करायला लागले, तेव्हा पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग काढण्यापासून सुरुवात होती.

उद्योजकतेच्या व्याख्यानांत ही गोष्ट हमखास येते. त्यात लक्ष्मणराव द्रष्टे आणि शेतकरी अडाणी. मीही ती तशीच सांगत आलो. हल्ली मात्र मला त्या शेतकऱ्याशेजारी बांधावर बसावंसं वाटतं.

लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर तोच नीट करायचा, आणि सुगीला त्याचं बलुतं खळ्यावरून न्यायचा. लोखंडी नांगराला रोकडा पैसा हवा. ऐन नांगरटीत ओतीव भाग तडकला तर गावात जोडणार कोण? खोल नांगरायला बैलांच्या जादा जोड्या कुणाच्या दावणीतून सोडायच्या? एवढं सगळं विकायला आलेल्या माणसासमोर मांडण्यापेक्षा ‘विष चढतं’ म्हणणं सोपं असेल. हा माझा तर्क आहे, पण आपल्या घरातही ‘आपल्यात असं करत नाहीत’ या वाक्याच्या पोटात बऱ्याचदा पैशाचीच काळजी असते.

विषाची समजूत खोटीच होती. तो नांगर माती पालथी घालायचा, हरळी मुळासकट वर आणायचा. लक्ष्मणरावांनी जुन्या समजुतीला धक्का दिला तो स्वतःची नोकरी आणि पुंजी पणाला लावून. हल्ली रूढ विचार मोडायचा उत्साह दांडगा असतो, जोखीम मात्र बहुधा दुसऱ्याची.

परवा एका परिचितांच्या कारखान्यात बसलो होतो. माल साठवायचाच नाही, लागेल तसा मागवायचा, अशी नवी टूम निघाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या स्टोअरकीपरने तेवढं विचारलं, “साहेब, गाडी वेळेवर आली नाही आणि मशीन बंद राहिलं, तर त्या दिवसाची हजेरी कामगारांना मिळणार ना?”

“तुम्ही नेहमी नन्नाचा पाढाच लावता,” साहेब म्हणाले. मंडळी हसली आणि चहा आला.