चौथ्या माणसाची जागा

सज्जनहो, गेल्या चातुर्मासात दादरच्या एका मंदिरात रोज सकाळी माझे निरूपण होते. राहायला मी कल्याणला, त्यामुळे चार महिने रोज लोकलचा प्रवास घडला. साठी उलटलेल्या माणसाला सकाळची ती गर्दी म्हणजे तपश्चर्याच. पण तक्रार सांगायला हे लिहीत नाही. त्या डब्यात माझ्या हातून एक अपराध घडला, आणि त्यातून एक प्रश्न पदरात पडला. तो आपणांपुढे ठेवावा, एवढाच हेतू.

गावाकडच्या ज्या माळकऱ्यांना लोकल ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत आले. तेव्हापासून या वाटेवर माणसांची रीघ लागली ती लागलीच. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातला बाक तिघांचा, बसतात चौघे. चौथ्याचे अर्धे अंग बाकावर, अर्धे हवेत. तो नुसते "जरा सरका" म्हणतो, आणि तिघे सरकतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. रोजचे सोबती तर अर्ध्या वाटेवर आपण उठतात आणि उभ्या असलेल्याला बसवतात. पाळीपाळीने बसणे, पाळीपाळीने उभे राहणे. कोणी त्याला धर्म म्हणत नाही, एवढेच.

माझी गाडी कल्याणहूनच सुटणारी, धिमी. त्यामुळे मला बसायला मिळे. मांडीवर पोथी आणि नजर सहप्रवाशांवर, असा माझा नेम पडला. एका कोपऱ्यात भजनी मंडळी टाळ वाजवीत. त्यांना मी मनात 'सात्त्विक' म्हटले. ते पिशव्या ठेवून आपल्या माणसांच्या जागा धरीत, तिकडे मात्र मी काणाडोळा केला. मोबाईलवर बाजारभाव पाहणारे 'राजस'. आणि समोरच्या बाकावर गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून पत्ते कुटणारे चौघे, ते अर्थातच 'तामस'. गीतेतले तीन गुण मी असे डब्यात वाटून टाकले. माझा स्वतःचा गुण कोणता, हे काही मी पाहिले नाही. पाहणारा आपल्याला सोडूनच मोजतो, दहावा हरवला म्हणून रडणाऱ्या वेदान्तातल्या त्या माणसासारखा!

एके दिवशी डोंबिवलीला एक तिशीचा माणूस चढला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोळे तांबडे, केस विस्कटलेले, झोक जात होते. मी मनात म्हटले, रात्रीची अजून उतरलेली दिसत नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात मागणे होते आणि ते मला कळले. आणि मी काय केले? डोळे मिटले, माळ हातात घेतली आणि ओठ हलवू लागलो.

मुंब्र्याच्या पुढे कानांवर शब्द आले. पत्तेवाल्यांतला एक म्हणत होता, "ये भाऊ, बस इथे."

"नको दादा, राहतो उभा."

"बस म्हणतो ना! पडशील."

बसल्यावर थोड्या वेळाने तो माणूस हळूच म्हणाला, "रात्रभर दवाखान्यात आईपाशी होतो. आता कामावर चाललोय. खाडा परवडत नाही."

मग पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत. कोणत्या तोंडाने उघडणार? दादर येईपर्यंत तसाच बसून राहिलो, आणि उतरून मंदिरात गेलो. त्या दिवशी निरूपणाला विषय होता भूतदया. काय सांगू आपल्याला! शब्द सगळे आले. घसा मात्र सारखा कोरडा पडत होता.

आता विचार करू. कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही साठीचे, तो तिशीचा. तुम्ही का उठावे? शिवाय दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे गीतेच्या सतराव्या अध्यायातच आहे." शंका रास्त आहे. माझे गुडघे खरेच दुखतात, आणि बसून राहणे हा काही माझा अपराध नव्हता. मी त्याला म्हणू शकलो असतो, "बाबा, मला उभे राहवत नाही, पण आम्ही सरकतो, तू टेक." बाकावर त्या दिवशी चौथा बसलेला नव्हता. म्हणजे जागा माझ्याजवळ होती, ती मी झाकून ठेवली.

राहिला पात्राचा विचार. पात्र पाहायचे तर आधी डोळे उघडे हवेत. मी पाहिले नव्हते. मी निकाल दिला होता, आणि निकाल देऊन झाला की पाहणे संपते. लाल डोळ्यांचे कारण दारू असते तसे जागरणही असते, एवढे साधे अनुमानही माझ्या तर्कशास्त्राला सुचले नाही. धूर दिसला तर अग्नी म्हणावा हे शिकलो, पण धुके दिसले तरी मी अग्नीच म्हणत बसलो.

याहूनही मोठा दोष पुढेच आहे. शास्त्रात दहा नामापराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक. तो मी कीर्तनात कितीदा समजावून दिला असेल! पण मी त्याहून वाईट केले. नामाचा पडदा केला. ज्या नामाने डोळे उघडायचे, तेच डोळे मिटण्याच्या कामी लावले. पत्तेवाल्याच्या हातात पत्ते होते, माझ्या हातात माळ. पण त्याने पत्ते खाली ठेवले, मी माळ उचलली. देवाच्या हिशेबात त्या वेळी नामस्मरण कोणाचे झाले, हे आपणच ठरवा.

आळंदीहून पालखी निघाली की वाटेत भेटेल त्याला आपण 'माऊली' म्हणतो आणि त्याच्या पायां पडतो. जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही, काल रात्री तो काय करीत होता हेही विचारीत नाही. मग पंढरीच्या वाटेवर जो माऊली, तो डोंबिवलीच्या फलाटावर गर्दी कसा होतो? वारी वर्षातून दोनदा आणि लोकल रोजची. परीक्षा रोजच्या ठिकाणीच व्हायची.

दुसऱ्या दिवशी मी त्या पत्तेवाल्याला सगळे सांगितले. तो हसून म्हणाला, "महाराज, त्यात काय एवढं? उद्या मी उभा असेन." आणि त्याने पत्ते पिसायला घेतले.

तेव्हापासून ठाणे ते मुलुंड मी उभा राहतो. गुडघे तेवढेच सोसतात. पोथी पिशवीत असते, आणि डोळे उघडे ठेवून नाम चालते.

रामकृष्णहरी.