झाडाच्या माथी

कॉफीचा चोथा कुंडीत टाकावा की नाही, यापेक्षा तो टाकायची आपल्याला इतकी घाई का असते, हा प्रश्न मला जास्त मजेदार वाटतो. फिल्टरमधला तो काळा, ओला, अजून वास दरवळणारा चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात उलटताना हात अडखळतो. एवढी महागाची वस्तू एका पाण्यातच संपली? मग बाल्कनीतला मोगरा आठवतो. चहाच्या चोथ्यानं गुलाब फुलतो, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. (दूध-साखर न धुता टाकला तर आधी मुंग्यांची रांग लागते, हे कुणी सांगत नाही.) कचरा झाडाला दिला की तो कचरा राहत नाही, दान होतो. झाडाला विचारतो कोण?

कॉफीच्या चोथ्यात सत्त्व नाही असं नाही. साधारण दोन टक्के नत्र त्यात असतं. पण ते बहुतांशी प्रथिनांत अडकलेलं असल्यामुळे मुळांना तसंच्या तसं उचलता येत नाही. आधी बुरशी, जिवाणू, गांडुळं जेवणार, झाडाची पंगत त्यानंतरची. शिवाय चोथा नेहमी आम्लच असतो ही समजूतही कच्ची आहे. कधी असतो, कधी जवळजवळ उदासीन निघतो.

आणि कॅफीन? ते कॉफीच्या झाडानं आपल्या सकाळच्या तरतरीसाठी बनवलेलं नाही. किडीला दूर ठेवणं हे त्याचं एक काम. गळलेल्या पानांतून, बियांतून ते मातीत उतरतं आणि शेजारच्या बियांना रुजू देत नाही. आपण कॉफी गाळून घेतली तरी त्यातलं थोडं चोथ्यात उरतंच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा रोपांच्या मातीत ताजा चोथा थेट मिसळून पाहिला. त्यांचा निबंध 2016 साली प्रसिद्ध झाला. मातीत पाणी जास्त धरलं गेलं, पण रोपं खुरटली. खत घातलं तरीही. तणही कमी उगवलं, हा त्यातला गमतीचा भाग.

घरी बघायचं तर ताजा चोथा कुंडीत बोटभर जाडीचा पसरावा. वाळला की त्याचा पापुद्रा धरतो. वरून घातलेलं पाणी त्यावर तळं करतं आणि कडेकडेनं निसटतं. मधली माती कोरडीच. ओल टिकली तर पांढरी बुरशी येते. ती बिचारी आपलं काम करत असते, आणि आपण घाबरून अख्खी कुंडी उपसतो.

पण हाच गुदमरवणारा गुण कोस्टारिकात कामी आला. तिथं एका जुन्या, गवतानं व्यापलेल्या जमिनीवर कॉफीच्या फळांचा टाकाऊ गर तीस ट्रक भरून आणला आणि अर्धा मीटर जाडीचा थर दिला. गवत खाली दबून कुजलं, माती कसदार झाली आणि दोन वर्षांत तिथल्या 80 टक्के भागावर झाडांची सावली आली. शेजारच्या, काहीच न टाकलेल्या तुकड्यावर ती 20 टक्के होती. गर आणि चोथा एक नव्हेत, हे खरं. तरी तो थर मोगऱ्याच्या कुंडीत दिला असता तर खूनच झाला असता.

म्हणून मला श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ आठवतो. ऐकीव सल्ल्यापेक्षा आपल्या अंगणात करून बघण्यावर त्यांचा भर. शेजारी शेजारी दोन कुंड्या, एकीत चोथा, दुसरीत नाही; एवढं केलं तरी व्हॉट्सअपवरचे निम्मे नुस्खे गळून पडतील.

मी चोथा खताच्या डब्यात टाकावा या मताचा आहे, तोही एकूण ऐवजाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाकी भरपूर वाळका पालापाचोळा हवा. तो आमच्याकडे मुबलक आहे. रोज सकाळी झाडून, ढीग करून, फाटकाजवळ पेटवला जातो.