दोनदा आलेला शब्द



मिशपातीम परशात एक कायदा आहे. भांडणात एकाने दुसऱ्याला मारले व तो अंथरुणाला खिळला, तर मारणाऱ्याने त्याचे बुडालेले दिवस भरून द्यावेत आणि त्याला बरे करावे. मूळ हिब्रूत ‘बरे करणे’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो. वैद्याने उपचार करावेत ही मुभा रब्बींनी येथूनच काढली. आम्हांस त्यात आणखी एक अर्थ दिसतो. रक्त थांबविले हे पहिले बरे करणे. माणूस पुन्हा कामाला उभा राहिला हे दुसरे.

हे सुचले ते कतारवरून. रायगड-रत्नागिरीचे कितीतरी लोक, म्हणजे आपले जुने शेजारीच, आखाती देशांत पोटासाठी जातात. कतारमध्ये दहा रहिवाशांत जवळजवळ नऊ परदेशी आहेत. तेथील २०२१ च्या २२ क्रमांकाच्या कायद्याने नागरिकांना सरकारी इस्पितळांत मोफत उपचार दिले, आणि परदेशी कामगाराच्या मूलभूत उपचारांचा विमा मालकावर सोपविला. श्रम घेणाऱ्यानेच खर्च करावा, हे परशाला धरूनच झाले. अंमल मात्र पाहुण्यांपासून सुरू झाला: १ फेब्रुवारी २०२३ पासून महिना ५० रियाल, त्यात अपघात व तातडीचे उपचार. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढे पुरे. पण वर्षानुवर्षे उन्हात सळया बांधणाऱ्याचे मूत्रपिंड काही एका दुपारी बिघडत नाही. त्याला रक्त-लघवीची तपासणी हवी, नेमाने औषध हवे. ‘मूलभूत’ या शब्दात हे बसत नसेल, तर तो शब्द एकदाच उच्चारला गेला असे आम्ही म्हणू.

विद्वानाने कोणत्या गावात राहावे, याची यादी तल्मूदात आहे. तीत सिनेगॉग आणि मुलांचा शिक्षक यांच्याच पंक्तीला वैद्य, स्नानगृह आणि शौचकूपही आहे. (शौचकूप वाचून हसू नये, निम्मे रोग तेथेच अडतात.)

आता आपल्या घरात पाहू. इस्राएलमध्ये १९९५ पासून प्रत्येक रहिवाशाला कुपात होलिमचे उपचार कायद्याने मिळतात. कोणते नवे औषध यादीत घ्यावे, यावर दरवर्षी समिती बसते, आणि आपणही वर्तमानपत्रात ती यादी उत्सुकतेने वाचतो. पण आपल्या वृद्ध आईवडिलांना रात्री उठवून पाणी देणारी परदेशी बाई त्या कायद्यात नाही. तिचा खाजगी विमा मालकाने, म्हणजे आपणच, उतरावयाचा असतो. परक्याला छळू नका, ही आज्ञाही याच मिशपातीमात आहे. त्या बाईच्या विम्याचा कागद आपल्यापैकी किती घरांत उघडून वाचला गेला आहे?